गाठी घेऊन आसेगावला

कारंजा लाडच्या बसस्थानकावर मंगरूळपीरची गाडी लागली तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते. बॅगेत सोनोग्राफीचा रिपोर्ट होता, पोटात त्या रिपोर्टातल्या तीन गाठी होत्या आणि डोक्यात डॉक्टरांचा प्रश्न. नुसत्या गाठी काढायच्या, की गर्भाशयच काढून टाकायचं? गाठी पुन्हा होऊ शकतात. गर्भाशय काढलं तर रक्तस्राव थांबेल, पण मूल होण्याची शक्यताही तिथेच संपेल. मी सदतीस वर्षांची, लग्न झालेलं नाही. आठवडाभरात सांगा, असं पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्या तिसऱ्या डॉक्टर. आधीच्या दोघांवर माझं समाधान झालं नव्हतं.

आता आसेगाव कशासाठी, ते सांगते. तिथे सुनंदा राहते, कारंज्याच्या शाळेतली माझी मैत्रीण. सहा वर्षांपूर्वी तिलाही हेच दुखणं होतं. मी पुण्याच्या एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसते. पण दवाखान्यात नोकरी म्हणजे अर्धी डॉक्टर, असा आमच्याकडे समज आहे, आणि तो खोडून काढायचे कष्ट मी कधी घेतले नाहीत. सुनंदाने रिपोर्टचा फोटो पाठवून फोन केला होता. मीही अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि गर्भाशयच काढून टाक म्हणाले. दोन मिनिटांत फोन संपला होता.

गाडी निघाली. दोन्ही बाजूंना तूर शेंगांनी वाकली होती, मधूनच हरभऱ्याचा हिरवा तुकडा, आणि कपाशीच्या शेवटच्या वेचणीला वाकलेल्या बायका. थंडीतलं हे ऊन मला फार आवडतं. पण अर्ध्या वाटेत पोटात कळ आली आणि पाठोपाठ जे व्हायचं ते झालं. सगळी तयारी करून निघाले होते, तरी ड्रेस खराब झाला. मंगरूळपीर आलं तरी मला जागचं उठवेना. शेजारी एक पन्नाशीची बाई बसली होती. तिने एकदा माझ्याकडे, एकदा सीटकडे पाहिलं आणि आपली शाल माझ्या कमरेला गुंडाळली.

"तू पुढं हो बाई. मी मांगं राह्यतो."

स्थानकाच्या बाथरूमपर्यंत ती माझ्या मागे चिकटून चालली. मी कपडे बदलून येईस्तोवर बाहेर उभी राहिली. शाल परत घेताना तिने विचारलं, "पिशवीचं (गर्भाशयाचं) दुखणं हाये का?" मी मान हलवली. "काढून टाक ना मंग. माह्या जावेनं काढली, झंझट खतम."

ती मायेनेच बोलली होती. तरी मला संताप आला. हिला माझं वय माहीत नाही, नाव माहीत नाही, आणि ही काढून टाक म्हणते! मग माझंच मला उमगलं आणि तोंड कडू झालं. मला तर सुनंदाचं सगळं माहीत होतं.

आसेगावला पोचले तेव्हा सुनंदा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. घरातली माणसं शेतात, मुलगी शाळेत. मी न कळवता आले होते. तिने पाणी दिलं, रिपोर्ट घेतला आणि सावकाश वाचला. मला आश्चर्य वाटलं. ऑपरेशन झाल्यावर कुठे कुठे विचारून ती या दुखण्याविषयी बरंच शिकली होती. झाल्यावर शिकली, हेच तर.

मी चाचरत त्या फोनचा विषय काढला. आपण घाईने सांगितलं, असं काहीतरी म्हणाले. सुनंदाचे हात शेंगांवर थांबले.

"मी तुले इचारलं होतं, गाठ तेवढीच निघत नाही का म्हून. तू म्हणाली, ठेवून काय करशील?"

हे मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, आणि तेच जास्त लागलं.

"मले अजून एक लेकरू पायजे होतं," ती म्हणाली. "तुले सांगाले लाज वाटली."

मी रडले. तिने रडू दिलं. राग आला असेल ना, असं मी विचारलं.

"आला ना. आताबी थोडा हाये. पण तू आली, जेव आधी."

ज्वारीची गरम भाकर, सोले (तुरीचे ओले दाणे) घातलेली वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा. मी किती जेवले मला सांगता येणार नाही, पण ती वाढत राहिली. जेवणानंतर मी तिला सरळच विचारलं, काय करू? तिने सांगायला साफ नकार दिला. तुला काय हवं ते तूच बघ, म्हणाली. फक्त एक सांगितलं, "सही कराच्या आधी इचारजो. गाठी काढताना रक्त थांबलं नाही तं काय काढसान, हे आधी इचारजो."

संध्याकाळच्या गाडीने परतले. मूल हवं की नको, हे मला त्या प्रवासातही ठरवता आलं नाही. पण ते ठरवायची मुभा आपल्याला हवी आहे, एवढं पक्कं झालं. सुनंदाची मुभा मी दोन मिनिटांत घालवली, आणि माझ्या माफीने तिला काही परत मिळणार नव्हतं.

पुण्यात डॉक्टरीणबाईंना सांगितलं, फक्त गाठी काढा. मग सुनंदाचा प्रश्न विचारला. त्यांनी नीट समजावलं. तसा प्रसंग आला तर काय करायचं, ते माझ्यासमोर कागदावर लिहिलं आणि कौतुकाने विचारलं, हे तुम्हाला कुणी सुचवलं?

गावाकडच्या मैत्रिणीने, मी म्हणाले. तिलाही गाठी होत्या.

"मग त्यांच्या निघाल्या का व्यवस्थित?"

"सगळंच निघालं," मी म्हणाले, आणि सही केली.