आवाज न चढवता

वस्तीत त्याला तोंडावर 'भाऊ' आणि पाठीमागे 'भडक्या' म्हणत. नाव उगाच पडलं नव्हतं. यंत्रमागावरच्या कामगारांची संघटना त्यानं स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती. कायदा तो रद्दीतल्या पुस्तकांतून शिकला, भाषण चहाच्या टपरीवर शिकला. राग गिळायला मात्र कुठंच शिकला नाही. मागच्या संपात टीव्हीवाल्यांनी त्याची मुलाखत घेतली. तो बराच वेळ मुद्द्याचं बोलला. दाखवलं काय, तर शेवटी टेबलावर मूठ आपटून ओरडला तेवढंच. मागण्या गेल्या वाऱ्यावर आणि लोकांच्या लक्षात राहिली ती त्याच्या मानेची फुगलेली शीर.

म्हणून या वेळी त्यानं ठरवलं, बोलायचं ते वहिनीनं. वाहिनीवर वहिनी, असा विनोद वस्तीत दोन दिवस फिरला.

गोष्ट दाराची होती. विणकामाच्या खात्याला दोन दारं. पुढचं मुकादमाच्या डोळ्यांसमोर, मागचं गल्लीत उघडणारं. कापड चोरीला जातं म्हणून पाळी सुरू झाली की मागच्या दाराला बाहेरून कुलूप पडायचं. एका दुपारी पुढच्या दाराशीच तुटक्या सुताचा ढीग पेटला. आग पुढं, कुलूप मागं, मधे माणसं. गल्लीतल्या कुणीतरी पहारीनं कडी उचकटली म्हणून सगळे जिवंत बाहेर आले. पण वहिनीच्या शेजारच्या मागावरची तिची जोडीदारीण इतका धूर प्यायली, की अजून तिला चार शब्द बोलायचे तर मधे थांबावं लागे. आठवड्याभरात कडी पुन्हा बसली, कुलूप पुन्हा लागलं, आणि मालकानं पेपरात छापून आणलं की आमचं मागचं दार कायम उघडंच असतं.

वहिनी म्हणजे भडक्याच्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन आली ती सासूच्या मागं मागं थेट मागावरच गेली. तिथं धोट्यांच्या खडखडाटात स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. त्यामुळे तिथली माणसं, बायका तर जास्तच, 'कोरडं' बोलतात. घशातून आवाज काढायचाच नाही. ओठ मात्र ऐसपैस हलवायचे, शब्द असा घडवायचा की पलीकडच्या रांगेतल्या बाईला तो दिसावा. सासूनं सुनेला आधी कोरडं बोलायला शिकवलं, तुटलेल्या दोऱ्याला गाठ मारायला नंतर. त्यांची सगळी भांडणंही तिथंच, कोरडीच झाली. घरी पोचेपर्यंत दोघींचं भांडून झालेलं असायचं आणि दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या घरच्या पुरुषांना वाटायचं, काय गुणाची सून मिळाली, सासूपुढं तोंड म्हणून उघडत नाही.

तालीम स्वयंपाकघरात सुरू झाली. भडक्या झाला पत्रकार, कलथा झाला माईक. पहिलाच प्रश्न त्यानं सोपा टाकला, दाराबद्दल सांगा. वहिनीनं सुरुवात केली ती आपल्या लग्नापासून, तेव्हा त्या जागी भिंतच नव्हती इथून. मग भिंत बांधणारा गवंडी आला, गवंड्याचा मेहुणा मुकादम कसा झाला ते आलं. दूध उतू गेलं तरी दार काही आलं नाही. भडक्यानं कलथा भिरकावला.

"भावोजी, माईक फेकलात तर बातमी कशी द्यायची?" तिनं कलथा उचलून, धुऊन पुन्हा त्याच्या हातात दिला.

मग त्यानं तिला एकच वाक्य दिलं: आम्ही आत असताना दाराला कुलूप नको. काहीही विचारू देत, फिरून फिरून इथंच यायचं. कॅमेऱ्याकडं बघायचं नाही, विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं. प्रश्न टोचला तर एक श्वास घ्यायचा. माहीत नसेल तर सरळ माहीत नाही म्हणायचं, थापा मारायच्या नाहीत. आणि जे त्याला स्वतःला जन्मात जमलं नव्हतं ते त्यानं सगळ्यात शेवटी, बोट नाचवत सांगितलं.

"वहिनी, आकाश कोसळलं तरी आवाज चढवायचा नाही. चढला, की तेवढाच दाखवतात."

थोरल्या भावाला पाणी पिता पिता ठसका लागला.

ती शिकत गेली. मालक वाईट आहेत का, असं त्यानं जाळं टाकलं, तर म्हणाली, मालक कसे का असेनात, आम्ही आत असताना दाराला कुलूप नको. भडक्याची छाती फुगली. फक्त एका प्रश्नाला ती दर वेळी अडकायची. हे बोलायला तुम्हाला कुणी पढवलं, असं विचारलं की ती सरळ दिराकडं बोट दाखवायची. खोटं कसं बोलू, म्हणायची, पढवलंत तुम्हीच. त्यानं कपाळावर हात मारला. त्या प्रश्नाचं उत्तर शेवटपर्यंत सापडलं नाही, आणि मुलाखतीचा दिवस उजाडला.

मुलाखत ठरली होती संघटनेच्या खोलीत. त्यानं पंखासुद्धा बंद करून ठेवला होता, आवाज नको म्हणून. पण बातमीदार बाई आली ती म्हणाली, लोकांना माग दिसले पाहिजेत, माणसं दिसली पाहिजेत. मालकानं आत यायला परवानगी दिलीय. परवानगी कशी दिली नसती? मागच्या दाराचं कुलूप सकाळीच काढून ठेवलं होतं. माग मात्र थांबणार नव्हते आणि भडक्याला फाटकाच्या आत पाऊल टाकायला बंदी होती. त्याला त्याच खात्यातून काढून टाकलं होतं.

तो गल्लीत गेला. खिडकीच्या काचेवर सुताची धूळ बसलेली. बाहीनं त्यानं तळहाताएवढी जागा पुसली आणि डोळा लावला. आत वहिनी आपल्या मागाला पाठ देऊन उभी होती, चेहरा बरोबर खिडकीकडं. कॅमेरावाल्यानं खडखडाटाला वैतागून कानावरचं यंत्र गळ्यात टाकलं होतं. बातमीदार बाई तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन काहीतरी ओरडून विचारत होती.

वहिनीचे ओठ हलले आणि भडक्यानं काचेतून वाक्य वाचलं. आम्ही आत असताना दाराला कुलूप नको. अक्षर न् अक्षर लखलखीत. पुढचा प्रश्न झाला. तिनं श्वास घेतला. मग तिच्या ओठांवर आलं, आज दार उघडं आहे, खरं आहे. तुम्ही उद्याही यावं, परवाही यावं. आम्ही आत असताना दाराला कुलूप नको. हे 'उद्याही यावं' त्यानं शिकवलेलंच नव्हतं. मग बाईनं आणखी काही विचारलं आणि वहिनी थबकली. इतका वेळ थबकली, की त्याला कळलं, तो प्रश्न आला. आता ही बोट दाखवणार, खिडकीकडंच.

वहिनीनं शेजारच्या मागाकडं पाहिलं. तिथं आता दुसरीच कुणी उभी होती. मग तिचे ओठ सावकाश हलले.

धुरानं.

भडक्या काचेपासून मागं सरकला. आयुष्यभर त्यानं हजारोंच्या सभा पेटवल्या होत्या. असा एक शब्द त्याच्या घशातून कधी निघाला नव्हता. आणि घसा म्हणताच त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. निघाला कुणाच्या घशातून? वहिनीनं आवाजच काढला नव्हता. मागासमोर उभं राहून ती सवयीनं सगळी मुलाखत कोरडी देऊन मोकळी झाली होती.

तासाभरात बातमीदार बाई वहिनीला घेऊन संघटनेच्या खोलीत आली. कॅमेऱ्यात नुसता खडखडाट भरला होता. पुन्हा आत जाऊ द्यायला मालक तयार नव्हता, आणि संध्याकाळी बातमी दाखवायची होती. भडक्याची शीर फुगली. एवढी तालीम केली, एवढा जीव आटवला आणि ऐन वेळी तुझा आवाज कुठं गेला, म्हणून तो वहिनीवर कडाडला.

वहिनीनं पदर सारखा केला. "तुम्हीच म्हणालात, चढवायचा नाही."

त्यानं कागद ओढला आणि काचेतून वाचलेलं सगळं बातमीदार बाईला सांगत सुटला. तीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. म्हणाली, तुम्ही दीर, तुम्हीच पढवणारे, तुमच्या शब्दावर मी हे कसं दाखवू? आणि निघून गेली. भडक्याला वाटलं, संपलं.

ती गेली होती शहराच्या दुसऱ्या टोकाला, भलत्याच कारखान्याच्या फाटकावर. पाळी सुटत होती. बाहेर पडणाऱ्या अनोळखी विणकर बायकांना ती एकेक करून मोबाइलवर ते चित्र दाखवत गेली, आवाज बंद करून, एक अक्षर न सांगता. त्यांना यात काही विशेषच वाटेना. एक म्हणाली, ही बाई दाराला कुलूप नको म्हणतेय. दुसरी म्हणाली, आम्ही आत असताना, असं म्हणतेय, नीट सांग. तिसरीनं ते पुन्हा एकदा पाहिलं. मोबाइल परत देताना तिनं विचारलं, कुणाला धूर लागला?

संध्याकाळी टपरीवर पाळी सुटलेले आणि पाळीला निघालेले, दोन्ही थांबले होते. टीव्हीवर वहिनी आली. बातमीदार बाईनं मागांचा खडखडाटही काढून टाकला होता. टपरीवाला आवाज वाढवायला धावला, पण वाढवायला काही नव्हतंच. आणि पडद्यावर खाली अक्षरं उमटायच्या आधीच टपरीवरची माणसं, बाया-बापे, म्हातारे, ते वाक्य म्हणू लागली. आधी पुटपुटत, मग एका सुरात. आम्ही आत असताना दाराला कुलूप नको. भडक्याच्या हातातला कप तसाच राहिला. एवढ्या लोकांना एका सुरात बोलताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं, त्याच्या घोषणांना सुद्धा नाही.

शेवटचा शब्द आला तेव्हा मात्र कुणीच तोंडातून काढला नाही. सगळ्यांनी नुसता वाचला.

दुसऱ्या सकाळी पाळीला गेलेले कामगार आत शिरण्याआधी मुकादमाच्या काचेच्या खोलीसमोर क्षणभर थांबत आणि तेच वाक्य कोरडं म्हणून पुढं जात. कुणी ओरडलं नाही, कुणावर ठपका ठेवायला जागा नाही. मुकादम स्वतः एके काळचा विणकर. त्याला प्रत्येकाचं दिसत होतं. रांग अर्ध्यावर येईतो त्यानं मान खाली घातली. दुपारी सुतार आला आणि कुलूप तर सोडाच, कडी-कोयंड्यासकट सगळं उपसून घेऊन गेला. दारावर नुसती खिळ्यांची भोकं राहिली.

पाळी सुटली. घर पुढच्या बाजूला, तरी वहिनी मागच्या दारानं बाहेर पडली. जोडीदारीण तिची वाट बघत गल्लीत बसली होती. दोघींनी ती भोकं बोटांनी चाचपून पाहिली. मग वहिनीला पलीकडच्या टपरीवर दीर दिसला. मधे रस्ता, गाड्या, भोंगे.

चहा सांगा, दोन, तिनं कोरडंच म्हटलं.

भडक्याच्या ओठांवर नेहमीची आरोळी आली होती. त्यानं ती गिळली. टपरीवाल्याकडं वळून त्यानं दोन बोटं वर केली, आणि मग रस्त्यापलीकडं पाहून, ऐसपैस ओठ हलवून विचारलं, साखर?