कोतवाल बुकातली अकरा दिवसांची मुलगी

मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश जातपडताळणीवर अडला होता. जुना पुरावा हवा होता, आणि आमच्या घरात कागद जपणं म्हणजे पाव्हणा आला की त्यावर शेव-मुरमुरे द्यायचे. शेवटी वडिलांना, म्हणजे नानांना घेऊन पिंप्राळ्याहून धुळ्याला गेलो. आमचं मूळ गाव त्या बाजूचं. तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये गावाचं कोतवाल बुक होतं. गावातले जन्म-मृत्यू त्यात मोडीत लिहिलेले.

मोडी वाचणारे गृहस्थ दोन दिवस पानं उलटत होते. आजोबांच्या जन्माचं पान वाळवीनं खाल्लेलं, नानांचा जन्म कुणी नोंदवलाच नव्हता. मी वैतागलो होतो; कोतवालावर, वाळवीवर, आणि उगाच नानांवरही. तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ म्हणाले, "तुमच्या आजोबांना मुलगी झाल्याची नोंद आहे. जातही लिहिलीय."

"आम्हले बहीण नही," नाना म्हणाले. "आम्ही दोन्हीच भाऊ."

पुढच्याच पानावर तिचा मृत्यू होता. वय अकरा दिवस, कारण ताप. नावाच्या जागी दोन्हीकडे नुसतं 'मुलगी'. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं होतं. नाना जन्मले ते त्यानंतर तीन वर्षांनी, आणि आजीनं त्यांच्याजवळ हा विषय कधीच काढला नव्हता. काम झालं म्हणून मला आनंद झाला आणि लगेच त्याची लाज वाटली. जेमतेम अकरा दिवस जगलेल्या पोरीच्या पुण्याईवर माझ्या मुलीला प्रवेश मिळणार होता.

वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करायला आम्ही कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडे बसलो. आमच्या वंशावळीत आजवर सगळे बाप्येच. पण पुरावाच तिचा, त्यामुळे तिला घेणं भाग होतं.

"नाव?" टायपिस्टनं विचारलं.

"नाव नाही. 'मुलगी' लिहा."

"घरात काहीतरी म्हणत असतील ना?"

मी कंटाळून म्हणालो, "नाना, तुम्हीच ठेवा एखादं."

नाना माझ्यावर चिडले. "मोठी बहीण शे मनी. धाकला भाऊ नाव ठेवस का?" मग टायपिस्टला म्हणाले, "अक्का लिख."

त्यानं टाइप केलं: मुलगी ऊर्फ अक्का, वय अकरा दिवस. त्याखाली नानांनी सही केली. नातं, धाकटा भाऊ. वय, पंच्याऐंशी.