विटेनबर्गच्या दारातले बूट

हे गेले आणि माझी वंदना बंद पडली. रोज संध्याकाळी इंदापुरातल्या आमच्या घरी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, यांनी पहिला शब्द उचलायचा आणि मी पाठोपाठ सूर धरायचा, ही आमची लग्नापासूनची रीत. आता मेणबत्ती लागायची, हात जोडले जायचे, पण तोंडातून शब्द फुटेना. विहारात बायकांच्या वंदनेला पुढे बसून म्हणणारी मीच. त्यांनाही सांगून टाकलं, दुसरी कुणीतरी बघा. आमच्या धम्मात वर बसून ऐकणारा कुणी नाही, हे मीच चारचौघींना समजावून सांगायचे. मग ऐकणारंच कुणी नाही तर म्हणायचं तरी कशाला, हा वाकडा प्रश्न आता मलाच सोडेना. यांच्यामागोमाग वंदनाही गेली तर माझ्यापाशी राहायचं काय, याची मला फार भीती वाटत होती.

धाकटा भाऊ तेव्हा साखर कारखान्याच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला जर्मनीत, लाइपझिगला होता. दोन जर्मनींचा एक देश होऊन फार वर्षं झाली नव्हती. “आक्का, थोडं दिस हिकडं ये. घरात बसून भिताडं किती बघशील?” असं त्यानं फोनवर लावूनच धरलं. मी मुळात चौकस. शेजारणीच्या भाजीला काय फोडणी पडली हे वासावरून सांगणारी बाई. दुःखातसुद्धा ती खोड जात नाही. साडीवर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट अशा अवतारात मी जाऊन पोचले.

एका रविवारी त्यानं मला विटेनबर्गला नेलं. एल्बे नदीकाठचं जुनं, आटोपशीर गाव. वाटेत त्यानं सांगितलं की, काही शतकांमागे इथल्या एका साधूनं पापाची माफी विकणाऱ्या धर्मगुरूंना जाब विचारला आणि ते सगळं लिहून चर्चच्या दारावर लावलं. त्यातून नवा पंथ निघाला, लोक आपापल्या भाषेत धर्मग्रंथ वाचू लागले, सगळे मिळून गाऊ लागले. मी विचारलं, “दार बंद हुतं म्हणून लावला का रं कागद?” तो हसला. “न्हाय गं. तवा दार म्हंजी गावाचा फळाच. कायबी सांगायचं आसलं की लावायचं तितं.” ते लाकडी दार पुढे जळालं. आता तिथं धातूचं आहे आणि त्यावर ती सगळी अक्षरं ओतलेली आहेत. कठड्याबाहेर उभी राहून मी कितीतरी वेळ ते बघत राहिले.

दारांशी माझं जुनं नातं आहे. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, “आबा, देवळात आत काय आस्तं?” ते म्हणाले, “मला काय म्हाईत? आमाला पायरीच्या वर कुणी येऊ दिलं न्हाय. आन् आता जायची गरजबी न्हाय.” छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर त्यांनी देवळाकडे मान वळवून पाहिलं नाही. पण पायरीशी थबकायची त्यांची सवय तेवढी माझ्या पायांत उतरली. आजही कुठलंही प्रार्थनास्थळ असो, माझे पाय आधी दारात थांबतात.

भाऊ परतीच्या गाडीची चौकशी करायला स्टेशनवर गेला. तेवढ्यात गावातल्या दुसऱ्या चर्चची घंटा वाजू लागली, म्हणून मी तिकडे वळले. दाराशी आल्यावर आपल्याकडच्या सवयीनं बूट काढले आणि पायरीच्या कडेला नीट जोडून ठेवले. बाकी सगळे बुटांसकट आत जात होते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मग उंबऱ्याशी थबकले. मागून एक म्हातारी आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या उघड्या पायांकडे पाहिलं, माझा हात धरला आणि थेट पुढच्या बाकावर नेऊन बसवलं. स्वतःची लोकरी शाल घडी करून तिनं माझ्या पायांखाली सरकवली. मला रडूच आलं.

मग वाद्य घुमलं आणि सगळे गायला लागले. म्हाताऱ्या, बापे, पोरं, सगळेच. कुणी बेसूर, कुणी दोन शब्द मागे. म्हातारीनं पुस्तक माझ्यापुढे धरलं आणि ओळीखालून बोट फिरवू लागली. मला एक अक्षर कळत नव्हतं. पण मधेच तिचा आवाज चिरकला, ती थांबली, आणि गाणं मात्र चालूच राहिलं. श्वास घेऊन ती पुन्हा त्यात मिसळली. ते बघता बघता माझे ओठ हलले. त्या परक्या सुरात, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, मी म्हणत होते, बुद्धं सरणं गच्छामि.

बाहेर आले तर पाऊस पडून गेला होता आणि बूट जागेवर नव्हते. ते शोधायला म्हातारीनं मला परत आत नेलं. भिंतीकडेच्या गरम नळ्यांपाशी माझे बूट ठेवलेले होते, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. ती तर सगळा वेळ माझ्याशेजारी बसली होती. तिनं दोन-चार जणांना विचारलं, सगळ्यांनी माना हलवल्या. कुणी उचलले, मला आजवर कळलं नाही. आमच्यात कृपा म्हणत नाहीत, करुणा म्हणतात. ती नाव न सांगता येते, हे मला त्या कोरड्या, उबदार बुटांत पाय घालताना कळलं.

इंदापूरला आले आणि पौर्णिमेला विहारात पुढे बसले. ‘बुद्धं’ म्हटलं आणि आवाज चिरकला, पुढचं येईना. मग मागून बायकांनी ‘सरणं गच्छामि’ उचललं आणि मला सोबत घेऊन त्या पुढे गेल्या. इतके दिवस मला वाटत होतं, वंदना मी धरून ठेवायची असते. मी हात सोडला, तेव्हा कळलं की तिनंच मला धरलं होतं.

आता वंदना चालू असताना पावसाचा थेंब वाजला की मी हळूच उठते आणि दारातल्या सगळ्यांच्या चपला आत आणून ठेवते. बायका ओरडतात, “बाई, तुमी कशापायी आमच्या चपला उचलताय?” मी म्हणते, “माझंबी बूट उचललं हुतं कुणीतरी.”