घरचा नमुना

प्रयोगशाळेत त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि ते नाव त्यानं स्वतःच्या गळ्यावर कमावलेलं होतं. काम मात्र अगदी नाजूक: उंदराच्या मेंदूखालची तिळाएवढी पिट्युटरी ग्रंथी काढायची, मेणात बसवायची, तिचे पातळ काप घेऊन काचेवर रंगवायचे. लोकांना प्रयोगशाळा दाखवायचा दिवस आला की तिथल्या प्रमुख डॉक्टरबाई त्यालाच पुढं करत. माइकशिवाय मागच्या रांगेपर्यंत पोचणारा दुसरा माणूस त्यांच्याकडे नव्हता.

त्या दिवशीही तो रंगात आला होता. "हा साधा उंदीर, आणि हा त्याचा सख्खा भाऊ," पिंजऱ्यांकडे बोट दाखवत तो म्हणाला. भाऊ जवळजवळ दुप्पट होता. "याच्यात जास्तीचं जनुक घातलंय. अंगात वाढीच्या संप्रेरकाचा नुसता पूर. आता गंमत बघा. मेंदू पिट्युटरीला निरोप धाडतो, हे संप्रेरक बनव म्हणून. तो ऐकायला तिच्या पेशींवर ग्राही असतात. कानच समजा. या धटिंगणाच्या पिट्युटरीवरचे ते कान कमी झालेत. आधीच अंगात एवढा गोंगाट, ती आणखी कशाला ऐकेल?"

लोक हसले. हशा मिळाला की भोंग्याचा तोल जायचा.

"आमच्या घरीही असा एक नमुना आहे. आमची कन्या. सकाळपासून कानीकपाळी ओरडा, ढिम्म हलत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तिचेही काप काढून बघायला हवेत."

पुन्हा हशा पिकला. हसणारी डोकी जराशी बाजूला झाली, आणि दाराशी त्याला मुलगी दिसली.

गेले कित्येक महिने ती घरात हो-नाहीपलीकडं बोलत नव्हती. बापाचं काम एकदा तरी बघ म्हणून तो तिच्या मागं लागला होता, आणि ती येणार नाही हे धरूनच चालला होता. ती आली होती. केस नीट विंचरून, त्यानंच आणलेला निळा शर्ट घालून.

"एक विचारू का?" ती म्हणाली. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. "यात उंदराचा काही दोष असतो का?"

"नाही," भोंगा पुटपुटला. "त्याचा काय दोष? जन्मल्यापासून त्याच्या अंगात हेच चाललंय."

"अहो, मागं ऐकू नाही आलं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मग तेच त्याला सगळ्यांसमोर, मोठ्यानं, पुन्हा सांगावं लागलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मुलीनं मान हलवली, सूक्ष्मदर्शकातून त्यानं रंगवलेला काप बराच वेळ पाहिला आणि ती निघून गेली.

पुढची तुकडी आत येत होती. "तो घरचा नमुना यांनाही सांगा, छान होता," डॉक्टरबाई म्हणाल्या. तो बाहेर पडला.

ती फाटकाशी पोचली होती. त्यानं हाक मारली, पण शरमेनं आवाज इतका बारीक निघाला की तिला ऐकूच गेला नाही. दणकून हाक मारायला त्यानं छाती भरून श्वास घेतला, आणि तसाच सोडून दिला. भरभर चालत त्यानं तिला गाठलं आणि तिच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला.

ती दचकून वळली.

"आता काय चुकलं माझं, बाबा?"