अण्णांचा स्पंज

नव्या टाकीतलं पाणी इतकं स्वच्छ होतं की दिसतच नव्हतं, आणि त्यातच आमचा गोल्डफिश मरायला टेकला होता. पर अंगाशी आवळून तळाशी पडून होता बिचारा.

शेजारच्या शोभावहिनी धावत आल्या. त्यांचे यजमान, आमचे अण्णा, गेल्या वर्षी गेले. अण्णांच्या टाकीतल्या फिल्टरचा काळपट, बुळबुळीत स्पंज त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

“नव्या पाण्यात कुणी राहत नाही, म्हणून तो घाबरलाय. हा सोडा आत. धुऊ नका हं, ह्यांचा हात आहे त्यात.”

“म्हणजे अण्णा राहायला आले आपल्याकडे,” बायको पुटपुटली. मी मनापासून हसलो. पण खरंच, नव्या घरातही आधी मुंग्या येतात, पाली येतात, मगच ते राहतं वाटतं. राहतं घर म्हणजे न दिसणाऱ्यांनी भरलेलं.

स्पंजातल्या जिवाणूंनी पाणी राहतं केलं आणि मासा वाचला. काल संध्याकाळी वहिनी त्याला बघायला आल्या. तो काचेपाशी आला आणि आम्हां तिघांना सोडून कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, खाऊ मागावा तसा थांबला. मी वहिनींना बसायला ती खुर्ची सरकवायला उठलो.

“असू दे,” वहिनी हळूच म्हणाल्या, “आत्ताच बसलेत. उठवू नका.”