इंजिनावरचा पेला

मुखेडच्या महादूमामा मिस्त्रींकडे गाडी नेली की ते आधी बॉनेट उघडायचे आणि एअर फिल्टरच्या झाकणावर पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला ठेवायचे. मग गाडी स्लोवर, म्हणजे उभ्या जागी नुसतं इंजिन चालू, सोडून पाण्याकडं बघत बसायचे. कुणी घाई केली की म्हणायचे, "पळायला काय, कुत्रं बी पळतंय. एका जागी उभं राहून दाखीव म्हणावं."

मी साधा शाळामास्तर, माझी गाडी पंचवीस वर्षांची. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की बंद! नांदेडात दोघांनी स्क्रू पिळून रेस वाढवून दिली. गाडी उभ्या जागी बोंबलायची आणि आठ दिवसांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

शेवटी मामांकडे गेलो. तोवर त्यांचे हात कापायला लागले होते, गिऱ्हाईक तुटलं होतं. लातूरच्या वर्कशॉपात कामाला असलेला त्यांचा मुलगा दत्ता त्या दिवशी नवं कुलूप घेऊनच आला होता.

"बाबा, बास करा आता. लोक हसून राहिलेत."

"हसू दे. गुरुजीची गाडी स्लोला उभी करतो. न्हाई राहिली, तर मीच कुलूप लावतो."

माझ्या खटाऱ्यावर म्हाताऱ्याचं दुकान टांगलेलं!

मामांनी आधी वाढवलेली रेस खाली आणली. "ताप आलेल्याला घोंगडं पांघरलंय गाढवांनी!" गाडी आचके देऊ लागली. दत्ता म्हणाला, कार्बोरेटरच बदला. मामा थरथरत्या बोटांनी रबरी पाईप एकेक करून चिमटीत दाबत राहिले. दोनदा चिमटी सुटली. दत्ता पुढं सरकला.

"मागं हो!"

तिसरा पाईप दाबला आणि आचके थांबले. त्याला खालच्या अंगानं चीर गेली होती.

"हितून चोरून हवा पिऊन राहिली व्हती."

नवा पाईप बसला, पेला झाकणावर आला. पाणी कडेला जरा थरथरलं, पण थेंब सांडला नाही. मामांनी तोच पेला उचलून तोंडाला लावला, तर अर्धं पाणी सदऱ्यावर. दत्तानं मान फिरवली.

"हिकडं बघ. हात हलतोय माझा. गाडी हलून राहिली का?"

मामांनी दत्ताकडून कुलूप मागून घेतलं आणि दुकानाऐवजी हत्यारांच्या पेटीला लावलं.

दोन वर्षांनी मामा गेले. दुकानाचं शटर त्या दिवशी कायमचं पडलं. त्याआधी ते पाडायची कुणाची टाप नव्हती.