अतिरिक्त बाई

शाळेचा पट घसरला आणि मी अतिरिक्त ठरले. इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं आणि एका ओळीच्या आदेशात सगळं आटोपलं. आता दुसऱ्या एखाद्या शाळेत जागा निघाली तर तिथं समायोजन, नाहीतर घरी बसून वाट बघायची. मला घरी बसणं जमत नाही, हे घरच्यांना माझ्याआधी कळलं होतं.

राग आला की बायका भांडी आपटतात म्हणे. मी शब्दकोश काढला. म्हटलं, आपल्याला जे म्हणतात त्याचं मूळ तरी बघू. 'सरप्लस'मध्ये लॅटिन 'सुपर' म्हणजे वर आणि 'प्लुस' म्हणजे अधिक, अधिकावर अधिक. 'सुपरन्युमररी'त 'नुमेरुस' म्हणजे संख्या. पलटण पुरी झाल्यावर वरून आलेल्या शिपायाला तसं म्हणत. बिचारा. 'सुपरफ्लुअस'मध्ये 'फ्लुएरे' म्हणजे वाहणं, काठावरून ओसंडून जातं ते. आणि 'रिडन्डन्ट'च्या पोटात तर 'उंदा', चक्क लाट! नको असलेल्या माणसासाठी या लोकांना शब्द सापडले ते तुडुंब पाण्यात. त्यांचं काय जातंय म्हणा. आमच्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं.

हे सगळं मी तावातावानं सासूबाईंना ऐकवलं. त्या अक्कलकोटकडच्या, रागावल्या की मराठीतून थेट कानडीत शिरतात. त्या सकाळी पाण्याचा दिवस होता आणि त्या पाइप धरून टाकीपाशी उभ्या होत्या. लॅटिन त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. टाकी काठोकाठ आली तसा त्यांनी पाइप उचलला आणि भिंतीवरून शेजारणीच्या पिंपात सोडला. शेजारणीकडे मोटर नाही, त्यामुळे आमचं भरलं की त्यांचं, ही गल्लीची रीतच आहे.

"भरल्यावर कोण सांडतंय गं? शेजारी सोडायचं," त्या म्हणाल्या. "तुलाबी सोडतील कुटं तरी. तोंड नको पाडूस."

"पण तितं पिंप रिकामं पाहिजे की," मी त्यांच्याच बोलीत म्हटलं.

"असतंय की. लई असतात."

मला हसू आलं, पण धास्ती काही गेली नाही. आपण कुणाला हवे आहोत का, हा प्रश्न या वयात पडेल असं वाटलं नव्हतं.

समायोजनात मला जेऊरच्या बाजूची शाळा आली. रेल्वेनं जाऊन-येऊन दिवस खाणारी. मैत्रिणींनी सांत्वन केलं, मी तोंडदेखलं हसले आणि पहाटेची गाडी धरली.

शाळेच्या फाटकातच गणिताचे सर उभे होते. मागच्या वर्षापासून इंग्रजीचा तासही तेच घेत होते. त्यांनी नमस्कार करायच्या आधी पाठ्यपुस्तक माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाले, "बाई, सुटलो बघा." इतकं आनंदी स्वागत माझं लग्नातही झालं नव्हतं.

दहावीच्या वर्गात गेले. फळ्यावर तारीख लिहिली, पुस्तकं उघडायला सांगितली. कुणी हललं नाही. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"बाई, तुमी ऱ्हाणार की जाणार?"

"का गं?"

"न्हाय, आधीच्या बाई आल्या आन् महिन्यात गेल्या. तवापास्नं इंग्रजी तसंच ऱ्हायलंय. तुमी जाणार असशिला तर आत्ताच सांगा."

 खडू हातातच राहिला.

"राहणार," मी म्हटलं.

तेव्हा कुठं तिनं पुस्तक उघडलं, आणि तिच्यामागं सगळ्या वर्गानं.